नॉर्मल बाई

"ती नॉर्मल बाई कोन हाय, तिला मला एकदा बघू द्या," शालन गुरव म्हणाली आणि माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर ठाण मांडून बसली.

गुरुवारची दुपार होती, फेब्रुवारी संपत आला होता. मी नुकतीच जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आले होते. आमच्या मेडिकल कॉलेजची लिफ्ट बाराही महिने बंद. पहिल्या मजल्यावर एकदा आणि दुसऱ्या मजल्यावर एकदा थांबायचं, ही माझी ठरलेली पद्धत. उगीच कुणी 'काय झालं कुंदाताई' म्हणून विचारायला नको, म्हणून नोटीस बोर्ड वाचत असल्यासारखं उभं राहायचं. त्यावरची खानावळीची जुनी सूचना मला तोंडपाठ झाली होती. वर आलं की दोन घोट पाणी प्यायचं, पदर सारखा करायचा, मग तोंड उघडायचं. त्या दिवशी तेवढीही सवड मिळाली नाही. शालन आणि तिची मोठी जाऊ हौसा दोघी आधीच येऊन बसल्या होत्या.

"कुठली नॉर्मल बाई?" मी विचारलं.

"ह्यात लिवलंय की." तिनं घामानं दमट झालेला कागद पुढं केला. "माझ्या थोरल्या लेकीनं वाचून दावलं. म्हनं माझं फुप्पुस नॉर्मल मानसासारखं हाय. मग तिला बी असंच हुत असंल की. मला इचारायचंय तिला."

तो कागद मीच आदल्या दिवशी टाइप केला होता आणि गुळवणी सरांनी सही केली होती. 'सौ. शालन गुरव यांच्या फुप्फुसातील प्रथिनांचा नमुना नॉर्मल व्यक्तीच्या नमुन्याशी जुळतो. सबब दोष आढळला नाही.'

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते आणि सरांच्या हाताखाली टेक्निशियन होते. आमचं काम काय होतं ते आधी सांगून टाकते, फार अवघड नाही. माणसाच्या फुप्फुसात द्राक्षाच्या घडासारखे लाखो बारीक फुगे असतात. श्वास सोडला की ते मिटून चिकटून बसायला हवेत, पण बसत नाहीत, कारण त्यांना आतून एक ओला, पातळ थर असतो. त्या थरात काही प्रथिनं असतात. थर पसरलेला ठेवायचा आणि आत आलेली घाण पकडायची, ही त्यांची नोकरी. गावाबाहेरच्या एमआयडीसीत प्लायवूडचा एक कारखाना होता. तिथं लाकडाचे पापुद्रे गम लावून एकावर एक ठेवायचे आणि गरम प्रेसमध्ये दाबायचे. गम तापला की त्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटतो. शेड बंद, खिडक्या नावाला. तो वायू दिवसभर नाकावाटे आत जातो, तर त्या प्रथिनांचं काय होतं, हे सरांना बघायचं होतं. तीन वर्षं आम्ही तेच करत होतो.

शालन त्या प्रेसवर सहा वर्षं उभी होती. वय चौतीस, अंगानं काटकुळी, पण बोलायला खणखणीत. तिला दम लागायचा, रात्री उठून बसावं लागायचं. एक्स-रे स्वच्छ, नळीत फुंकायची तपासणी काठावर पास. मालकानं तिला सांगितलं होतं, कॉलेजनं लिहून दिलं तर बाहेरच्या उघड्या शेडमध्ये पॅकिंगला घेतो, नाहीतर सोमवारपासून परत प्रेसवर ये, ते जमत नसेल तर घरी बस. घरी बसायची सोय नव्हती. नवऱ्याच्या कामाचं काही धड नव्हतं आणि दोन मुली शिकत होत्या. म्हणून ती तीनदा येऊन सरांच्या मागं लागली होती, आणि शेवटी हा असा कागद हातात पडला होता.

"शालन, ती नॉर्मल बाई अशी भेटत नसते," मी म्हणाले. "ते आमच्या अभ्यासाचं असतं."

"ऱ्हाऊ द्या भेटायचं. तुमी तर बघितलंय न्हवं तिला?"

"बघितलंय."

"दम लागतो का तिला?"

"नाही लागत," मी म्हणाले.

"जिना चढती?"

"चढते की."

"न थांबता?"

मी पाण्याचा तांब्या पुढं ओढला आणि प्यायले. दोन घोट घ्यायचे तिथं चार घेतले.

"रातच्याला उशा किती घेती?" शालननं विचारलं. "माझं बगा, तीन झाल्यात. दोनवर भागत न्हाई आता. आडवं पडलं की छातीवर कुनी बसल्यागत हुतंय. तिला हुतंय का तसं? हुत आसंल तर मग मी बी नॉर्मल. माझी काय तक्रार न्हाई. सोमवारी जाते गप प्रेसवर."

"आगं, बाईस्नी काय ठावं तिच्या उशा," हौसा मधेच म्हणाली. "चल, एसटी जाईल."

माझ्या घरी पलंगावर तीन उशा होत्या. तिसरी मी दिवाळीनंतर घेतली होती, मान दुखते म्हणून, असं मी माझ्या बहिणीला सांगितलं होतं.

आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर दोनाऐवजी मी चार घोट पाणी का प्यायले हे कळायचं नाही. प्रयोगशाळेत कुठलीही तपासणी करायची तर आजारी माणसाच्या शेजारी एक निरोगी माणूस ठेवावाच लागतो, नाहीतर तुलना कशाशी करणार? त्याला म्हणायचं नॉर्मल. आणि हा नॉर्मल बाहेरून कधीच येत नाही. रक्ताचा नॉर्मल लागला की टेक्निशियन स्वतःच्या दंडाला पट्टा बांधते, दातात एक टोक धरते आणि स्वतःचं रक्त काढते. मी शिकले तेव्हा माझ्या बाईंनी हेच केलं, त्यांच्या बाईंनीही हेच केलं असणार. आपण कामावर आलोय, उभ्या आहोत, म्हणजे आपण नॉर्मल. एवढाच हिशेब.

आमच्या ह्या अभ्यासात रक्त नव्हतं, कफ होता. माणसाला खाऱ्या पाण्याची वाफ द्यायची, 'घशातनं नको, बेंबीच्या देठापासून खोक' म्हणायचं आणि डबीत येईल ते घ्यायचं. पहिल्या दोन महिन्यांत चार विद्यार्थी आले, नाकं मुरडून खोकून गेले. तेव्हा माझा हात बसला नव्हता, ते नमुने सगळे बिघडले आणि टाकून दिले. पुढं कोण येतंय खोकायला? मग मीच खोकायला लागले. बावीस कामगारांच्या बावीस तपासण्या झाल्या, आणि प्रत्येकाच्या शेजारी नॉर्मल म्हणून मी. लपवाछपवी काही नव्हती. रजिस्टरात दर पानावर 'नॉर्मल – कुं. रे.' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, सरांची त्याखाली सही होती. बावीसपैकी एकोणीस जण त्या नॉर्मलशी जुळले होते. त्यावरून सरांनी निष्कर्ष काढला होता की प्रथिनांना काही होत नाही. मार्चअखेर ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी पुण्याच्या परिषदेत हाच निबंध वाचणार होते.

शालन उठली. कागदाची घडी घालून तिनं कमरेला खोचली. दारापाशी जाऊन चौकट धरून थांबली, दम घेतला, आणि मी तिच्याकडं बघत राहिले. ती चौकट धरायची पद्धत माझी होती. अगदी माझी. उजवा हात वर, खांदा टेकलेला, मान खाली, जणू पायातली चप्पल बघतेय.

"थांबा गं दोघी," मी म्हणाले. "हौसा, तू काय काम करतेस?"

"मी? म्या काय करनार, बाई. चार म्हशी हायत. शेन, वैरन, धारा. बांधावरचं गवत."

"घरात चूल आहे का?"

"गॅस हाय. आंघुळीच्या पान्याला चूल हाय, ती भाईर आंगनात."

"दम लागतो?"

"दम लागाय येळ कुठं हाय मला!" हौसा हसली.

"मग ये इकडं. बस. खोकायचंय."

तिला आधी वाटलं मी चेष्टा करतेय. मग पदर तोंडावर घेऊन, 'आता गं बया' म्हणत बसली. वाफ दिल्यावर मात्र असं खोकली की पलीकडच्या खोलीतला शिपाई बघायला आला. शालन हसून हसून परत दमली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"शनिवारी ये," मी शालनला म्हणाले. "सोमवारच्या आत काय ते सांगते."

"कशाचं सांगता?"

"ते मलाच अजून ठाऊक नाही. तू ये."

शुक्रवारी मी एकच जेल लावलं. जेल म्हणजे खरवसाच्या वडीसारखी लिबलिबीत पातळ पट्टी. त्यात एका कडेला खाचा असतात, खाचेत नमुना घालायचा, वीज सोडायची. प्रथिनं खाली सरकायला लागतात, हलकी पुढं पळतात, जड मागं राहतात. नंतर निळा रंग द्यायचा, म्हणजे प्रत्येकाची पट्टी दिसते. मी तीन रांगा भरल्या. पहिली हौसा, दुसरी शालन, तिसरी मी. तिसरी खाच दोनदा भरावी लागली. वीज लावली आणि खुर्चीत बसून राहिले. दुसरं काही करायची ताकद नव्हती. खरं सांगायचं तर त्या दोन-तीन वर्षांत कुठल्याच गोष्टीची ताकद नसायची. सकाळी वेणी घालताना हात वर धरून दमायला व्हायचं. मी मनाशी म्हणायचे, वय झालं, वजन वाढलं, रक्त कमी असेल. अहो, बेचाळीस म्हणजे काय वय झालं?

बसल्या बसल्या हिशेब मांडला. ह्या खोलीत यायच्या आधी मी सतरा वर्षं पहिल्या मजल्यावर हिस्टोपॅथॉलॉजीत होते. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग, मग ते पित्ताशय असो, गर्भाशय असो, गाठ असो, बरणीतून आमच्याकडं यायचा. बरणीत फॉर्मलिन. फॉर्मलिन म्हणजे तोच वायू, पाण्यात विरघळवलेला. मांस नासू नये म्हणून त्यात ठेवतात. त्यानं मांसातली प्रथिनं एकमेकांना घट्ट बांधली जातात, उकडलेल्या अंड्यासारखी कडक होतात, मग पातळ काप घेता येतात. सतरा वर्षं मी झाकणं उघडली, तुकडे काढले, झाकणं लावली. पहिल्या महिन्यात डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायचं. सहा महिन्यांनी थांबलं. बाकीच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या, मी त्यांना हसायचे. मला वासच येत नाही, सवय झाली, असं अभिमानानं सांगायचे.

खोलीला एकच पंखा होता, हवा बाहेर टाकणारा. एका उन्हाळ्यात त्याच्या बाहेरच्या बाजूला चिमणीनं घरटं केलं. पंखा लावला तर पिल्लं मरतील म्हणून मी स्वतः बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर कागद डकवला, 'कृपया लावू नये'. पिल्लं उडून गेली, घरटं वाळून गेलं, आणि माझा कागद पुढची अकरा वर्षं तिथं होता. काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही.

शनिवारी सकाळी जादाचा रंग धुऊन काढला आणि जेल उजेडाच्या पेटीवर ठेवलं. तिन्ही रांगा समोर होत्या. हौसाच्या रांगेत पट्ट्या स्वच्छ, एकेक वेगळी, आणि ज्या प्रथिनासाठी आम्ही तीन वर्षं घालवली त्याची पट्टी चांगली ठसठशीत निळी. शालनच्या रांगेत ती जागा फिकी, जेमतेम सावली. आणि वर, खाचेच्या तोंडाशी, निळा राप बसलेला. एकमेकांत अडकून जड झालेली प्रथिनं तिथंच अडून बसली होती, खाली उतरलीच नव्हती. तिसरी रांग मी सगळ्यात शेवटी बघितली. शालनसारखीच, फक्त राप जास्त गडद.

तो राप मला नवा नव्हता. बावीस जेलांवर मी तो बघितला होता. नॉर्मलला पण असतो म्हणजे असायचाच, असं मी सरांना सांगितलं होतं आणि सरांनी मान डोलावली होती.

मी घाबरले. साध्या शब्दांत सांगते, फार घाबरले. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि थोडा वेळ रडले. मग तोंड धुतलं आणि जेल काचेच्या बशीत ठेवून सरांच्या खोलीत गेले.

गुळवणी सर कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होते. माणूस चांगला. कधी आवाज चढवायचे नाहीत, पण चाळीस वर्षं सरकारी कॉलेजात काढून पार थकलेले.

"सर, हे बघा."

त्यांनी चष्मा वर केला, बशी खिडकीशी नेली. "पहिली रांग कुणाची? फार सुरेख आलीय."

"शालनच्या जावेची. म्हशी राखते ती."

"दुसरी?"

"शालन."

"आणि तिसरी? ही पण कारखान्यातलीच दिसतेय. कोण, तो सुपरवायझर का?"

"मी आहे, सर. नॉर्मल."

त्यांनी बशी टेबलावर ठेवली.

"हिस्टोत किती वर्षं होता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

"माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"माझ्याही आलं नाही."

ते खुर्चीत बसले. "कुंदाताई, एका जेलवरून काही सिद्ध होत नाही. एक जाऊ म्हणजे काही अभ्यास नव्हे. पंचवीस-तीस निरोगी माणसं घ्यावी लागतील, सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आणि मी चाललोय महिन्याभरात. निबंध छापायला गेलाय. आता हे कुठं..." त्यांनी डोळे मिटले. "मी गेल्यावर करेल कुणीतरी. आपण फाइलमध्ये टिपण ठेवू."

मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"अभ्यासाचं राहू द्या, सर," मी म्हणाले. "शालनच्या कागदाचं बोला. ती नॉर्मलशी जुळते असं आपण लिहून दिलंय. ती माझ्याशी जुळते. एवढंच खरं आहे. परवा सोमवारी ती तो कागद घेऊन परत प्रेससमोर उभी राहणार."

"मग काय लिहू? दोष आहे असं लिहू? पुरावा एवढासा..."

"दोष नाही असं लिहिताना तरी कुठं पुरावा होता? मीच होते पुरावा. आणि मला जिना चढवत नाही, सर. दोनदा थांबते मी. नोटीस बोर्ड वाचायचं नाटक करते."

एवढं बोलून मला दम लागला आणि मी टेबलाची कड धरली. सरांनी ते बघितलं. इतकी वर्षं ते मला रोज बघत होते, पण त्या दिवशी त्यांनी बघितलं. उठून स्वतः खुर्ची पुढं सरकवली.

"बसा," ते म्हणाले. मग फोन ओढून घेतला आणि पुण्याला लावला. परिषदेच्या सचिवांना सांगितलं, निबंध मागं घेतोय, छपाई थांबवा. पलीकडून कारण विचारलं असावं. "नॉर्मल चुकला," सर म्हणाले. "नाही, टेक्निशियनची चूक नाही. माझी." फोन ठेवला. तीन वर्षं अशी दोन मिनिटांत गेली.

मग शालनचं नवं पत्र त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. 'आधीच्या पत्रातील तुलना सदोष होती. निरोगी व्यक्तीशी तुलना करता सौ. शालन गुरव यांच्या नमुन्यात लक्षणीय फरक आढळला. पुढील तपासणी होईपर्यंत त्यांना प्रेसपासून दूर, उघड्या हवेत काम द्यावे.' सरांनी सही केली, शिक्का स्वतः मारला.

शालन वर आली नव्हती. हौसा एकटीच दारात उभी राहिली. "ती पयल्या मजल्यावर बसलीया," म्हणाली. "आज चढवंना तिला."

मी पत्र घेऊन उतरले. उतरायला मला त्रास नव्हता. नोटीस बोर्डाखालच्या पायरीवर शालन बसली होती, छातीवर हात ठेवून. मला बघून उठायला लागली.

"बस, बस." मीही तिच्या शेजारी पायरीवर टेकले. पत्र वाचून दाखवलं, एकदा नेहमीसारखं आणि एकदा सावकाश. 'उघड्या हवेत' हे शब्द तिनं दोनदा म्हणायला लावले.

"म्हंजे मी सोमवारी प्रेसवर न्हाई?"

"नाही."

तिनं डोळ्यांना पदर लावला. हौसा तिच्या पाठीवरनं हात फिरवत उभी राहिली. "बगा, माझ्या खोकल्यानं केलं," ती म्हणाली आणि आम्ही तिघी हसलो. आमच्या दोघींचं हसू लवकर संपलं, हौसाचं चालू राहिलं.

मग शालन एकदम म्हणाली, "आन् ती? ती आदीची नॉर्मल बाई? ती कोन हुती शेवटाला?"

सांगायची गरज नव्हती. 'आमच्या अभ्यासाचं असतं' म्हणून मोकळी झाले असते. पण मी इतकी दमले होते की खोटं बोलायलाही श्वास पुरणार नव्हता.

"मी," मी म्हणाले.

शालननं माझ्याकडं नीट बघितलं. माझ्या गळ्याच्या खळीकडं, वरखाली होणाऱ्या खांद्यांकडं. आजारी माणूस आजारी माणसाला बघतो तसं, घाई न करता.

"उशा किती घेता?" तिनं विचारलं.

"तीन."

"मग तुमचं पत्र कुठाय?"

मला प्रश्न कळलाच नाही. "माझं कसलं पत्र?"

"माझं ह्ये," तिनं हातातला कागद हलवला. "तुमचं कुठाय? तुमाला कोन लिवून देनार, भाईर बसवा म्हनून?"

बावीस वर्षं झाली, मला अजून तो प्रश्न तसाच्या तसा ऐकू येतो. मी बावीस कामगारांची काळजी केली होती. शालनसाठी सरांशी भांडले होते. आणि माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं की मलाही एक पत्र लागेल. जेलवर माझी रांग मी डोळ्यांनी बघितली, रडले, तोंड धुतलं आणि ती रांग घेऊन दुसरीचं काम करायला गेले. नॉर्मल माणसाला कसलं आलंय पत्र?

"बघू नंतर," मी म्हणाले. "सर दमलेत आज."

"ते बी दमल्यात, तुमी बी दमलाय, मी बी दमलीया. उठा." शालन कठडा धरून उभी राहिली. "चला वर."

"अगं, तुला चढवत नाही."

"तुमाला तरी कुठं चढवतंय! थांबत थांबत जाऊ. हौसाक्का, पिशवी घे."

दोन मजले चढायला आम्हाला किती वेळ लागला कोण जाणे. दुसऱ्या मजल्यावर दोघी थांबलो, आणि त्या दिवशी मी नोटीस बोर्ड वाचला नाही. भिंतीला टेकून सरळ दम घेतला. जाणारे-येणारे बघत होते. एक ओळखीची नर्स थबकली, "काय झालं कुंदाताई?" म्हणाली. "दम लागतो मला," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले.

सरांच्या खोलीत शालन माझ्या आधी शिरली. "सायब, आजून एक पत्र ऱ्हायलंय," म्हणाली आणि मला हाताला धरून पुढं केलं.

सर आमच्याकडं बघत राहिले. मी सवयीनं संगणकाकडं वळले तर त्यांनी मला अडवलं. "तुम्ही बसा. मी करतो." मग स्वतः बसले. त्यांना टाइपिंग येत नव्हतं. दोन बोटांनी, एकेक अक्षर हुडकत, त्यांनी माझं नाव लिहिलं. कुंदा रेठरेकर. वय बेचाळीस. हिस्टोपॅथॉलॉजीत सतरा वर्षं. प्रत्येक अक्षराला वेळ लागत होता आणि मी त्या खुर्चीत बसून श्वास घेत होते, सोडत होते.

शालन त्यांच्या खांद्यामागं उभी राहून पडद्याकडं बघत होती. तिला जेमतेम अक्षरं लागत होती, पण नजर हलली नाही.

"सायब, नीट लिवा," ती म्हणाली. "बाई नॉर्मल न्हाईत म्हनावं."

"तेच लिहितोय," सर म्हणाले आणि पुढचं अक्षर शोधायला लागले.